उड्डाणाचा तास कोणाच्या पैशाने?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये कौशल्य प्रशिक्षणाच्या खर्चाचे निकष ठरवले, तेव्हा सर्वांत वरच्या गटातल्या अभ्यासक्रमाला एका प्रशिक्षणार्थीमागे तासाला ३८ रुपये ५० पैसे धरले होते. मधल्या गटाला ३३ रुपये आणि खालच्या गटाला २७ रुपये ५० पैसे. पुढे हे दर थोडेफार वाढले, पण त्यांची पातळी तीच राहिली. आता दुसरा तास पाहा. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, मिळवायचा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमाप्रमाणे २०० तास विमान उडवावे लागते. छोट्या सेसना विमानाच्या एका तासाला इंधन, देखभाल, प्रशिक्षक आणि विमा धरून दहा हजार रुपयांच्या वर खर्च येतो, आणि बहुतेक ठिकाणी बराच वर. पहिल्या तासाचे पैसे सरकार देते. दुसऱ्या तासाचे बाप देतो, नाहीतर तो तास त्या मुलाच्या आयुष्यात येतच नाही.

माझे म्हणणे असे की या दुसऱ्या तासाचे पैसेही सरकारच्या रोजगार-प्रशिक्षण निधीतून गेले पाहिजेत. मागेल त्याला नव्हे, आणि फुकट तर मुळीच नव्हे. पण गेले पाहिजेत. आणि हे म्हणायला नाशिकजवळच्या ओझरइतके योग्य गाव महाराष्ट्रात दुसरे नाही.

यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले आणि पुढच्याच वर्षी ओझरला विमानांचा कारखाना आला. इथल्या लोकांच्या तोंडी तो आजही ‘मिग’च आहे. मिग-२१, मिग-२७, सुखोई-३० असे करत साठ वर्षे गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, इथेच जुळणी झालेल्या पहिल्या तेजस मार्क १-ए विमानाने ओझरच्या धावपट्टीवरून झेप घेतली. शेजारी हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. नाशिक रोडकडे गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या आयटीआय झालेल्या मुलांनी शिकाऊ उमेदवार म्हणून या कारखान्यात रिव्हेट मारले, वायरिंग केले, पत्रा वाकवला, आणि त्यातली काही पुढे तिथेच निवृत्त झाली. विमान बनवायला शिकताना त्यांना शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन मिळाले. विमान उडवायला शिकण्यासाठी मात्र त्यांच्या मुलांना रुळलेली सरकारी वाट एकच आहे, ती लष्कराची.

त्या वाटेबद्दल मला आदर आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) प्रवेशाची तयारी करून घेणारी संस्था महाराष्ट्राने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९७७ मध्येच काढली. मुलींसाठी तशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली, कारण तोवर एनडीएचे दार मुलींना उघडले होते. ३० मे २०२५ रोजी एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, बाहेर पडली. राज्य सरकारने मुलांच्या तयारीवर स्वतःचे पैसे घालून त्यांना देशाच्या सर्वांत अवघड नोकरीपर्यंत पोचवावे, हे आपल्याकडे नवे नाही. तेच नागरी विमानांच्या बाबतीत का नको?

खर्चाचे आधी सांगतो, कारण घोडे तिथेच अडते. सीपीएलला आज पन्नास लाखांच्या आसपास लागतात. परवाना हातात आला तरी विमान कंपनीचे विमान चालवता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एकेका प्रकारासाठी वेगळे टाइप रेटिंग घ्यावे लागते, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. कंपन्यांच्या कॅडेट योजनेतून गेले तर सगळे मिळून कोटीच्या घरात. बँकेत गेले तर शैक्षणिक कर्जाला तारणाशिवाय साडेसात लाखांपर्यंतच सरकारी हमी आहे. कौशल्य अभ्यासक्रमांच्या कर्जाची हमी जुलै २०२४ मध्ये दीड लाखावरून वाढवली, तीही साडेसात लाखांपर्यंतच. वरच्या चाळीस-पन्नास लाखांसाठी घर किंवा जमीन गहाण टाकावी लागते. याचा हिशेब उघड आहे. महामार्गालगत दोन एकर द्राक्षबाग असलेल्या घरातला मुलगा जमिनीचा तुकडा विकून किंवा गहाण ठेवून पायलट होऊ शकतो. त्याच बागेत छाटणीला येणाऱ्या मजुराची मुलगी, किंवा कारखान्यात कंत्राटावर असलेल्या कामगाराचा मुलगा, गणितात त्याच्याहून हुशार असला तरी होऊ शकत नाही. विमान चालवायला डोळे, कान, थंड डोके आणि भौतिकशास्त्र-गणिताची समज लागते. सातबारा लागत नाही. आपण मात्र निवड सातबाऱ्यावर करतो आहोत.

यावर जो आक्षेप घेतला जातो तो खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. तीनशे तासांचा एखादा कौशल्य अभ्यासक्रम २०१५ च्या वरच्या दराने धरला तर माणशी ११ हजार ५५० रुपये होतात. पन्नास लाखांत असे ४३२ जण शिकतात. एका पायलटसाठी चारशेहून अधिक वायरमन, शिवणकाम करणाऱ्या बाया, रुग्णालयातल्या मदतनीस मुली यांचा घास काढायचा का? एवढा पैसा एकाच्या ताटात वाढणे हा कल्याणकारी योजनेचा विपर्यास नाही का? कोणत्याही प्रामाणिक अधिकाऱ्याच्या मनात हा प्रश्न येईल, आणि यायलाच हवा.

पण या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली अशी की दिलेला पैसा परत येत नाही. वायरमनच्या बाबतीत ते ठीक आहे. बारा हजारांवर नोकरी धरणाऱ्याकडून अकरा हजार वसूल करण्यात अर्थ नाही. विमान कंपनीत लागलेल्या नवख्या सहवैमानिकाचा पगार मात्र महिन्याला लाख-दीड लाखाच्या पुढे असतो आणि काही वर्षांत तो कितीतरी वाढतो. पन्नास लाख दहा वर्षांत बिनव्याजी फेडायचे तर महिन्याला ४२ हजारांच्या आत हप्ता पडतो. म्हणजे हा पैसा खर्च होत नाही, फिरतो. आज शिकलेल्या मुलीच्या हप्त्यांतून दहा वर्षांनी दुसरी मुलगी शिकते. चारशे वायरमनांचा घास त्यात कुठेच जात नाही, कारण निधी वेगळा ठेवला तर तो पहिल्या काही वर्षांनंतर स्वतःच्या पायांवर उभा राहू लागतो.

दुसरे गृहीत अधिक वाईट आहे. डोकी मोजून योजना यशस्वी ठरवली की संस्था आपोआप स्वस्त अभ्यासक्रमांकडे वळतात. तासाचा दर ठरलेला, संख्या गाठायची, मग महाग यंत्र, महाग शिक्षक आणि लांब मुदत लागणारे कौशल्य कोण शिकवेल? परिणाम असा की गरिबाच्या मुलाला सरकारी पैशाने नेहमी तेच कौशल्य मिळते ज्याचा पगार कमी असतो. महागडे कौशल्य श्रीमंताच्या मुलाला घरच्या पैशाने मिळते, आणि त्याचा पगार जास्त असतो. प्रशिक्षणाचा निधी असा वापरला तर तो दोघांमधले अंतर आहे तिथेच ठेवतो. २०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ हजार, पदवीधराला दहा हजार, सुरुवातीला सहा महिने. तरतूद ५,५०० कोटींची जाहीर झाली. अनेक घरांना त्या पैशाचा आधार झाला, हे मी नाकारत नाही. पण वर्षाला पन्नास मुलांच्या सीपीएलचा खर्च २५ कोटी होतो. तो या तरतुदीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. राज्याला हे परवडत नाही असे म्हणता येणार नाही.

शिवाय सरकार विमान वाहतुकीवर पैसे घालतच आले आहे. ब्रिटिश काळात १९२८ पासून मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्त्याचे फ्लाइंग क्लब सरकारी अनुदानावर उभे राहिले. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला परवाना घेतला तो त्याच काळात. क्लबला अनुदान होते, पण विमान उडवणारे बहुतेक आधीच ऐपतदार होते. आजही तोच कल दिसतो. २०२० मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण शाळांना विमानतळाचा महसुली वाटा माफ केला आणि जागेचे भाडे कमी केले. त्यानंतर बेळगाव आणि जळगावसह पाच विमानतळांवर नव्या शाळांना जागा मिळाल्या. डीजीसीएमान्य उड्डाण अभ्यासक्रमांना जीएसटी लागू नाही, हे सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले. हवाई दल आपल्या खर्चाने वैमानिक घडवते आणि सेवा संपल्यावर त्यातले अनेक जण खाजगी कंपन्यांत जातात. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाची वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा होते आहे, तीही राज्याच्या विमानतळ कंपनीच्या जागेवर. शाळेला, कंपनीला, धावपट्टीला सरकारी हात आहे. विद्यार्थ्याच्या फीपाशी आला की तो हात आखडतो.

ओझरच्या विमानतळाचेच उदाहरण घ्या. मार्च २०१४ मध्ये इथल्या प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन झाले, पण नियमित विमान बराच काळ टिकले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या उडान योजनेतून मुंबईचे छोटे विमान सुरू झाले. त्या योजनेत रिकाम्या जाणाऱ्या आसनांचा तोटा भरून देण्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर ठरावीक आकार बसवला गेला. म्हणजे दिल्ली-मुंबई उडणाऱ्याच्या पैशातून नाशिककराचे आसन स्वस्त झाले. हे योग्यच झाले. पण प्रवाशाच्या आसनासाठी जो आकार घेता येतो, तो पुढे बसणाऱ्या वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी का घेता येत नाही? वैमानिक हवे आहेत ते कंपन्यांना. येत्या दीड-दोन दशकांत देशाला तीस हजारांवर वैमानिक लागतील असे केंद्राचे नागरी विमान वाहतूक मंत्रीच सांगतात. २०२३ मध्ये देशात १,६२२ सीपीएल दिले गेले, आणि तो तोवरचा उच्चांक होता. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले. त्यानंतर महिनाभरातच देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीला पुरेशा वैमानिकांअभावी उड्डाणांमागून उड्डाणे रद्द करावी लागली आणि लोक विमानतळांवर ताटकळत बसले. वैमानिकाच्या शिक्षणाचा सगळा भार बापाच्या जमिनीवर टाकून कंपन्यांनी तयार माणूस उचलायचा, ही रीत त्यांच्यासाठीही फायद्याची राहिलेली नाही.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालेलाच नाही असे नाही, आणि त्याच्याकडे नीट पाहिले पाहिजे. नागपूरची महाज्योती, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, २०१९ मध्ये स्थापन झाली. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या वीस विद्यार्थ्यांना सीपीएलचे प्रशिक्षण देण्याचा निर्णय तिने घेतला आणि त्यासाठी नागपूर फ्लाइंग क्लबची निवड केली. कल्पना उत्तम होती. तिच्यामागे विचार होता, पैसा होता, आणि पहिल्यांदाच गावाकडच्या मुलांना एक सरकारी संस्था म्हणत होती की तुमच्या विमानाच्या इंधनाचे आम्ही बघतो. पण हा क्लब त्याआधी काही वर्षे मान्यता आणि प्रशिक्षकांच्या प्रश्नामुळे जवळपास जमिनीवरच होता. विमाने मोजकी होती. मुलांच्या पदरात उड्डाणाचे तास पडायला वेळ लागला, तक्रारी झाल्या, बातम्या आल्या.

या अनुभवावरून काही जणांनी निष्कर्ष काढला की सरकारने या फंदात पडू नये. मला तो निष्कर्ष चुकीचा वाटतो. चूक पैसे देण्यात नव्हती. ज्या शाळेची विमाने रोज उडत नाहीत तिच्याशी बांधून घेण्यात होती. उड्डाण प्रशिक्षणाला एक निर्दय नियम आहे: खंड पडला की हात विसरतो, आणि विसरलेले पुन्हा शिकायला पुन्हा तास लागतात. लेखी परीक्षांच्या निकालांना आणि वैद्यकीय प्रमाणपत्राला मुदत असते. दीड वर्षात व्हायचे काम चार वर्षे रेंगाळले तर खर्च वाढतो आणि मुलाचे वय जाते. त्यामुळे सरकारी पैशाला सर्वांत आधी विचारायला हवे ते हे, की शाळेची किती विमाने आज उडण्याच्या स्थितीत आहेत, प्रशिक्षक किती आहेत आणि गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले. डीजीसीएने २०२५ पासून उड्डाण शाळांची श्रेणी लावायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही शाळा बसली नाही. पैसे देणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला यापेक्षा मोठे कारण नको.

केंद्राच्या पातळीवरचा अनुभव वेगळ्या प्रकारे शिकवणारा आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘टॉप क्लास’ शिक्षण योजनेत सीपीएलचा समावेश करताना खाजगी फ्लाइंग क्लबच्या फीला दरसाल ३ लाख ७२ हजारांची मर्यादा घातली होती. इतर खाजगी संस्थांच्या दोन लाखांपेक्षा ती जास्त होती, म्हणजे हे शिक्षण महाग आहे याची जाण योजना करणाऱ्यांना होती. पण पन्नास लाखांच्या वाटेवर वर्षाला पावणेचार लाख देऊन गरिबाचा मुलगा मधल्याच टप्प्यावर उभा राहतो. कागदावर योजना आहे, पात्रता आहे, आणि तरी पोचता येत नाही. अर्धवट मदत कधी कधी मदत न करण्यापेक्षा घातक ठरते, कारण उरलेल्या रकमेसाठी घर सावकाराच्या दारात जाते.

बाहेरच्या देशांनी ही वाट आधी चालून पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेने नागरी वैमानिक प्रशिक्षण कार्यक्रम काढला आणि १९४४ पर्यंत सव्वाचार लाखांहून अधिक लोकांना सरकारी खर्चाने उडायला शिकवले. अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयालाही त्यात जागा मिळाली, आणि ज्यांना विमानाच्या जवळ येऊ दिले जात नव्हते त्यांच्यातून नावाजलेले वैमानिक निघाले. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला तेव्हा इतके जण हौस म्हणून उडायला शिकू लागले, की १९४८ मध्ये कायदेमंडळाला छंदाचे शिक्षण बाहेर काढावे लागले. पुढे नियम झाला की खाजगी वैमानिकाचा पहिला परवाना स्वतःच्या पैशाने काढा, मग पुढच्या व्यावसायिक टप्प्याला सरकार मदत करील. ऑस्ट्रेलियाने त्याहून चांगली रीत बसवली. तिथे उच्च शिक्षणाचे सरकारी कर्ज ठरावीक उत्पन्न ओलांडल्यावर करातून फेडायचे असते. बहुतेक अभ्यासक्रमांना जी कर्जमर्यादा आहे, तिच्यापेक्षा वरची मर्यादा वैद्यक, दंतवैद्यक, पशुवैद्यक आणि वैमानिक शिक्षणाला दिली आहे. महाग पण गरजेचे शिक्षण म्हणून हे चौघे एका ओळीत बसवले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्याच देशात व्यावसायिक अभ्यासक्रमांची दुसरी कर्जयोजना खाजगी महाविद्यालयांनी इतकी लुटली, की २०१६ अखेर ती बंद करावी लागली. संस्थांना विद्यार्थ्याच्या नावावर आगाऊ पैसे मिळत होते आणि विद्यार्थी शिकला का हे कोणी विचारत नव्हते.

हे सगळे समोर ठेवून महाराष्ट्राने काय करावे? बारावीनंतर भौतिकशास्त्र-गणित असलेल्या, घरचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या मुलामुलींना आधी वैद्यकीय तपासणीला न्यावे. हवाई नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषय या लेखी परीक्षांची तयारी राज्याने करून घ्यावी. याला लाखो रुपये लागत नाहीत, काही हजार लागतात, आणि मुलगी खरोखर या कामाची आहे का ते इथेच कळते. गरिबाला अमेरिकेसारखे स्वतःच्या पैशाने परवाना काढून ये म्हणता येणार नाही, पण स्वतःच्या मेहनतीने परीक्षा पास होऊन ये असे नक्की म्हणता येते. जे पास होतील त्यांनाच उड्डाणाचा खर्च मिळावा, आणि तो शाळेला आगाऊ जाऊ नये. तास उडून लॉगबुकात नोंदला गेला की त्या तासाचे पैसे. विमान बंद पडले तर पैसे थांबले. धुळे, शिरपूर, जळगाव, बारामती, गोंदिया या राज्यातल्याच शाळांशी राज्याने एकगठ्ठा तासांचा करार करावा. पन्नास विद्यार्थ्यांचे दहा हजार तास विकत घेणाऱ्याला जो दर मिळेल तो एकट्या बापाला कधीच मिळणार नाही. या पाचांपैकी तीन ठिकाणे आपल्याच नाशिक विभागात आहेत.

नोकरीचा धोका इथे लपवता येत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक रस्त्यावर आले आणि नवे परवानाधारक रांगेत आणखी मागे गेले. सीपीएल आहे पण टाइप रेटिंगला पैसे नाहीत म्हणून घरी बसलेली मुले आजही आहेत. म्हणून परतफेड पगार सुरू झाल्यावरच आणि पगाराच्या प्रमाणात व्हावी; नोकरी गेली तर हप्ता थांबावा. ज्या कंपनीने या निधीतला वैमानिक घेतला तिने टाइप रेटिंगचा भार उचलावा. आणि जागा थोड्याच असाव्यात. वर्षाला पाचशे वैमानिक घडवायला निघालेल्या योजनेवर माझा विश्वास बसणार नाही. पन्नासांच्या योजनेवर बसेल, कारण पन्नास मुलांपैकी प्रत्येकाकडे नावानिशी पाहता येते.

‘पायलटच का, तंत्रज्ञ का नको?’ असेही कोणी विचारील. ओझरमध्ये हा प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओझरचा कारखाना चालवणाऱ्या एचएएलने इथल्या ए-३२० विमानांच्या देखभाल केंद्रासाठी एअरबसशी करार केला आणि त्याला परवानाधारक अभियंते लागतील. ते शिक्षण पायलटच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त आहे आणि त्यालाही हा निधी मिळावा. ड्रोनचे उदाहरण तर समोरच आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार महिला बचत गटांसाठी १,२६१ कोटी रुपये ठेवले गेले, आणि बायकांना सरकारी खर्चाने ड्रोन पायलटचे प्रमाणपत्र मिळू लागले. गावातली बाई शेतावर ड्रोन फिरवू शकते हे आपण मान्य केले. तिच्या मुलीला त्याच आकाशात आणखी वर पाठवायला पैसे देताना आपला हात का थबकतो, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. राज्याच्या कौशल्य विद्यापीठाला आता रतन टाटांचे नाव आहे. ते स्वतः परवानाधारक वैमानिक होते. त्या विद्यापीठाने हा अभ्यासक्रम आणि हा निधी हाती घेतला तर नावाला साजेसे काम होईल.

असा निधी येईपर्यंत ज्यांच्या घरात अकरावी-बारावीचे मूल आकाशाकडे डोळे लावून बसले आहे, त्यांना एवढेच सांगतो. जमिनीचा सौदा करण्याआधी डीजीसीएमान्य डॉक्टरकडून क्लास २ वैद्यकीय तपासणी करून घ्या, मग क्लास १. लेखी परीक्षा आधी पास होऊ द्या. शाळेत जाल तेव्हा इमारत पाहू नका, विमाने मोजा आणि तिथे शिकणाऱ्या मुलांना त्यांचे लॉगबुक दाखवायला सांगा. फी एकरकमी भरू नका. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, की विमान बनवायला आमची मुले चालतात, तर उडवायला शिकवण्याचा पैसा कधी ठेवणार?